बरोबरीचे तह आणि लादलेले तह: कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील शस्त्रमर्यादेचा इतिहास

कृष्णा आणि वारणा यांचा संगम सांगलीलगत हरिपूर येथे होतो. या संगमापासून पश्चिमेकडे सह्याद्रीपर्यंत गेलेले वारणेचे पात्र मराठ्यांच्या इतिहासात दोनदा राज्याची सीमा ठरले. पहिल्यांदा १७३१ मध्ये, सातारा आणि कोल्हापूर या छत्रपतींच्या दोन गाद्यांमध्ये झालेल्या तहाने; दुसऱ्यांदा १८१९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याच्या गादीशी केलेल्या तहाने. दोन्ही तहांत मुलखाच्या वाटणीबरोबर शस्त्रबळाचीही व्यवस्था लावलेली होती. कोणते ठाणे राहावे, कोणते पाडावे, फौज कोणी किती बाळगावी आणि कोणाशी संधान बांधू नये, हे त्यांत ठरवलेले होते. तरीही या दोन तहांची जात निराळी आहे, कारण पहिल्याने दोन्ही पक्षांना सारखे बांधले आणि दुसऱ्याने एकालाच बांधले. अण्वस्त्रांवरील आंतरराष्ट्रीय करारांचा वाद विसाव्या शतकात उभा राहिला तेव्हा भारताने जो मुख्य आक्षेप घेतला तो नेमका याच भेदावर उभा होता. आणि त्या वादाच्या काळात भारताच्या मंत्रिमंडळात सलग महत्त्वाची खाती सांभाळणारे यशवंतराव चव्हाण याच खोऱ्यातील देवराष्ट्रे गावी जन्मलेले होते. म्हणून सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या इतिहासाकडे शस्त्रनियंत्रणाच्या दृष्टीने पाहणे योग्य ठरते.

प्रतिरोधन हा शब्द आज बहुधा अण्वस्त्रांच्या संदर्भात वापरला जातो. हल्ल्यातून जो लाभ होईल त्यापेक्षा मोठे नुकसान सोसावे लागेल, अशी खात्री शत्रूच्या मनात आधीच निर्माण करून हल्ला होऊच न देणे, हा त्याचा अर्थ. रोजच्या मराठीत याला धाक किंवा जरब म्हणतात, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत हा धाक गडकोटांमुळे बसत असे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी सिद्ध केलेल्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे ते याच कारणाने. मैदानी फौज हरली तरी गड शाबूत असेल तर राज्य उरते, आणि गड घ्यायला महिनोन्‌महिने लागतात हे माहीत असलेला शत्रू वेढा घालण्यापूर्वी दहादा विचार करतो, अशी ती विचारसरणी होती.

या धाकाची आणि त्याच वेळी नव्या युद्धतंत्राच्या धोक्याची कसोटी साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर पाहायला मिळाली. औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये या किल्ल्याला वेढा घातला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी तो सुमारे चार महिने लढवला. तोफांनी काम होईना, तेव्हा मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. म्हणजे खडकातून बोगदे काढून त्यांत दारू ठासली आणि तट उडवण्याची तयारी केली. एप्रिल १७०० मध्ये पहिला सुरुंग उडाला तेव्हा तटाचा भाग आत कोसळून गडावरील अनेक माणसे गाडली गेली आणि खुद्द प्रयागजींना ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढावे लागले. त्यानंतर दुसऱ्या सुरुंगाला बत्ती दिली तेव्हा मात्र तटाचा प्रचंड भाग बाहेरच्या बाजूला ढासळला आणि चढाईसाठी खाली दाटीवाटीने उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच येऊन पडला. दोन हजारांच्या आसपास माणसे त्याखाली गेल्याचे मोगल बखरकार सांगतात. गड त्याच महिन्यात मोगलांच्या हाती गेला आणि त्याला 'आझमतारा' असे नाव मिळाले, पण तो सुरुंगाने घेतला गेला असे म्हणता येत नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या निधनाची वार्ता आणि संपत आलेली सामग्री यांमुळे तो तहाने खाली झाला. दारूचे प्रमाण, खडकाची घडण आणि स्फोटाची दिशा यांपैकी एकाचा अंदाज चुकला की शस्त्र ते उडवणाऱ्यावर उलटते, ही गोष्ट साताऱ्याच्या तटाखाली अशा भयंकर रीतीने नोंदली गेली.

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला आणि महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्याकडे आपली, म्हणजेच पुढची कोल्हापूरची, गादी वेगळी ठेवली. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी त्या गादीवर आले. पुढची पंधरा-सोळा वर्षे वारणेचे दोन्ही काठ हा न संपणाऱ्या चकमकींचा मुलूख होता. ठाणे या शब्दाचा अर्थ येथे नीट लक्षात घ्यायला हवा. ठाणे म्हणजे किल्ल्याहून लहान, गढीसारखी बंदोबस्ताची जागा, जिथे थोडी शिबंदी आणि धान्यदारू ठेवून आसपासच्या गावांतून वसूल घेतला जाई. वारणेकाठचे असे प्रत्येक ठाणे आज या बाजूकडे तर उद्या त्या बाजूकडे जाई आणि ते हातात असलेला सरदार दोन्ही छत्रपतींकडून मोल वसूल करी. उदाजी चव्हाण हे अशा सरदारांचे ठळक उदाहरण. संभाजीराजांनी १७२७ मध्ये निजामाशी हातमिळवणी केली, परंतु फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेड येथे शाहू महाराजांचे पेशवे पहिले बाजीराव यांनी निजामाला कोंडीत पकडले आणि मार्चमधील मुंगी-शेवगावच्या तहाने निजामाला संभाजीराजांचा पक्ष सोडावा लागला. बाहेरचा पाठीराखा गेल्यावरही भांडण मिटले नाही. १७३० मध्ये संभाजीराजे आणि उदाजी चव्हाण वारणेवर तळ देऊन असताना शाहू महाराजांचे प्रतिनिधी श्रीपतराव यांच्या फौजेने छापा घातला, तळ लुटला गेला आणि ताराबाई, राजसबाई आणि संभाजीराजांच्या पत्नी जिजाबाई या राजस्त्रिया सातारकरांच्या हाती लागल्या.

यानंतर शाहू महाराजांनी जे केले ते या इतिहासात निर्णायक आहे. विजयी पक्ष पराभूताचे राज्य खालसा करू शकला असता, परंतु राजस्त्रियांना सन्मानाने परत पाठवण्यात आले. ताराबाईंनी मात्र साताऱ्यास राहणे पसंत केले. फेब्रुवारी १७३१ मध्ये कऱ्हाडजवळ जखिणवाडी येथे दोन्ही चुलत भावांची मोठ्या इतमामाने भेट झाली आणि १३ एप्रिल १७३१ रोजी तहाची नऊ कलमे कायम झाली. हाच वारणेचा तह. त्याने वारणेच्या दक्षिणेकडील मुलूख तेथील गड आणि ठाण्यांसह कोल्हापूरकडे दिला, मिरज प्रांत आणि तासगाव, अथणी वगैरे ठाणी सातारकरांकडे आली, रत्नागिरी आणि कोपळ या किल्ल्यांची अदलाबदल झाली आणि तुंगभद्रेपलीकडे रामेश्वरापर्यंतचा मुलूख निम्मानिम्मा वाटून घेण्याचे ठरले.

मुलखाची वाटणी बाजूला ठेवली तर या नऊ कलमांपैकी तीन कलमे आजच्या भाषेत शस्त्रनियंत्रणाची कलमे आहेत. पहिले, वडगावचे ठाणे पाडून टाकावे असे ठरले; म्हणजे वादाचे मूळ असलेली लष्करी जागा या हातातून त्या हातात देण्यापेक्षा ती कोणाच्याच उपयोगाची राहू नये अशी तजवीज केली गेली. दुसरे, एका गादीच्या चाकरांना दुसऱ्या गादीने आश्रय देऊ नये असे परस्परांनी कबूल केले. चाकर म्हणजे येथे घरकामाची माणसे समजायची नाहीत; स्वतःची पागा, स्वतःचे घोडेस्वार आणि स्वतःची वसुली असलेले फौजबंद सरदार असा त्याचा अर्थ होता. त्या काळी तोफेहून मोठे शस्त्र हे चालते-बोलते सरदारच होते, आणि ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेले की लढाईचे पारडे एका रात्रीत फिरे. त्यामुळे हे कलम म्हणजे शस्त्रांच्या प्रसारावर घातलेली बंदीच होती, आणि ती दोघांवर सारखी होती. तिसरे, एकाशी वैर करणाऱ्याचे पारिपत्य दुसऱ्याने करावे असे ठरले, ज्यामुळे निजामासारख्या तिसऱ्या सत्तेला दोघांत शिरण्याची वाट बंद झाली.

तह पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी त्यात कोणी पंच नेमलेला नव्हता आणि त्याची गरजही मोठीशी नव्हती. पाडलेले ठाणे वाटसरूलाही दिसते. कोणता सरदार कोणाच्या दरबारात मुजरा करतो हे महिन्याभरात दोन्हीकडे कळते. ज्या गोष्टी उघड्या डोळ्यांनी पारखता येतात त्याच गोष्टींवर बंधन घालण्याचा हा शहाणपणा होता. तहात दोष नव्हता असे नाही. मिरज आणि तासगाव पुढे पटवर्धनांकडे गेल्यावर कोल्हापूरशी त्यांचे दीर्घ वैर झाले आणि १७९९ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन पट्टणकुडीच्या लढाईत कोल्हापूरकरांविरुद्ध लढताना मारले गेले. दोन गाद्यांनी केलेला करार पुढच्या पिढीतील नव्या सत्ताधाऱ्यांना बांधू शकला नाही. परंतु १७४९ मध्ये शाहू महाराजांचे निधन होईपर्यंत सातारा आणि कोल्हापूर यांच्यात पुन्हा मोठे युद्ध झाले नाही, आणि सख्ख्या रक्ताच्या वैरात एवढा काळ शांतता टिकणे ही लहान गोष्ट मानता येत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनीने साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. दक्षिणेस वारणा आणि कृष्णा, उत्तरेस नीरा आणि भीमा, पश्चिमेस सह्याद्री आणि पूर्वेस पंढरपूर व विजापूरचा प्रदेश अशी राज्याची चौकट ठरली. या तहानुसार कंपनीच्या संमतीवाचून महाराजांना आपली फौज वाढवता येत नव्हती आणि कमीही करता येत नव्हती. आपल्या ताब्याबाहेरच्या कोणत्याही राजाशी, सरदाराशी वा जहागीरदाराशी परस्पर पत्रव्यवहार ठेवण्याची त्यांना मनाई होती, आणि हे बंधन मोडल्यास तहाने मिळालेले सर्व लाभ जातील असे बजावलेले होते. कंपनीच्या फौजेवर अशी कोणतीही मर्यादा अर्थातच नव्हती. त्याच वर्षी दक्षिणेकडील पटवर्धन जहागीरदारांशीही करार झाले. सांगली संस्थानचे संस्थापक चिंतामणराव पटवर्धन यांनी कंपनीला स्वार पुरवण्याच्या चाकरीऐवजी मुलूख तोडून देणे पत्करले; फौज गेली, पण दुसऱ्याच्या हुकुमाने लढण्याची पाळी टळली.

साताऱ्याच्या तहाची देखरेख करण्यासाठी रेसिडेंट, म्हणजे दरबारात कायम राहणारा कंपनीचा प्रतिनिधी, नेमला गेला. पहिली काही वर्षे कॅप्टन जेम्स ग्रँट यांनी राज्यकारभारच सांभाळला आणि १८२२ मध्ये तो महाराजांच्या हाती दिला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ ते हेच. प्रतापसिंहांनी शाळा, रस्ते आणि पाणीपुरवठा यांकडे लक्ष देऊन राज्य नीट चालवले, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले. असे असता १८३६ मध्ये कंपनीच्या पलटणीतील देशी अधिकाऱ्यांना फितवल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि त्याला पुढे गोव्याचे पोर्तुगीज व नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान बांधल्याचे आरोप जोडले गेले. चौकशी कंपनीनेच नेमलेल्या मंडळाने बंद दाराआड केली. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक साताऱ्यास आले आणि तह मोडल्याची कबुली लिहून दिल्यास गादी राखू असे त्यांनी महाराजांपुढे मांडले. न केलेल्या अपराधाची कबुली देण्यास महाराजांनी नकार दिला. सप्टेंबरच्या प्रारंभी रात्रीच्या वेळी राजवाडा वेढून त्यांना साताऱ्याजवळच्या लिंब गावी नेण्यात आले आणि तेथून पुढे बनारसला धाडण्यात आले, जिथे १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या वतीने रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये तेरा-चौदा वर्षे दाद मागितली आणि ते रिकाम्या हातांनी परतले. १८४८ मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसीने सातारा खालसा केले.

या प्रकरणात प्रतापसिंह दोषी होते की नव्हते, यापेक्षा तहाची रचना अधिक महत्त्वाची आहे. ज्याने बंधन घातले तोच पहारेकरी, तोच फिर्यादी आणि तोच न्यायाधीश होता. त्याच्या स्वतःच्या वर्तनाची तपासणी करण्याचा मार्ग दुसऱ्या पक्षाला नव्हता. अशा तहात निर्दोष पक्षाला आपली निर्दोषता सिद्ध करता येत नाही आणि बलवान पक्षाला आपला शब्द पाळण्याची सक्ती नसते. वारणा तीच, सीमा तीच, परंतु ८८ वर्षांत तह या शब्दाचा अर्थ पूर्ण पालटला होता.

१८५७ च्या उठावानंतर मर्यादा संपून थेट निःशस्त्रीकरण आले. साताऱ्यात उठावाचा कट केल्याबद्दल सप्टेंबर १८५७ मध्ये गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड दिला गेला. त्याच वर्षी मुधोळ संस्थानातील हलगली येथे बेरडांनी हत्यारे सरकारजमा करण्याचा हुकूम धुडकावून उठाव केला आणि तो निर्दयपणे मोडला गेला. १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले, पण युरोपीय रहिवाशांना त्यातून सूट दिली; म्हणजे कायदा शस्त्रावर नव्हता, माणसाच्या वर्णावर होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध ठराव केला तो या विषमतेमुळे. पुढे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या साथीदारांनी सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालवले आणि कुंडल येथे तुफान सेना उभी केली तेव्हा, परवाना देणारे सरकारच आम्ही मानत नाही, अशी भूमिका कृतीतून मांडली गेली.

यशवंतराव चव्हाणांचे घडणे याच वातावरणातील आहे. १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे, त्यांच्या आजोळी, त्यांचा जन्म झाला. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते आणि आज सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात आहे. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले, १९४२ च्या चळवळीत ते भूमिगत राहिले आणि १९४३ मध्ये पकडले गेले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असताना, चीनशी युद्ध चालू असता, नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलावले गेले. सैन्याची उभारणी हे त्यांचे पहिले काम होते. १९६४ मध्ये ठरलेल्या पाच वर्षांच्या संरक्षण योजनेत सुमारे ५,००० कोटी रुपये, ८,२५,००० सैनिकांचे भूदल आणि ४५ स्क्वाड्रनचे वायुदल असे उद्दिष्ट ठेवले गेले. ही योजना बंदुका, तोफा, विमाने आणि डोंगरी पलटणी यांची होती. तिच्या पहिल्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९६४ रोजी, चीनने लोप नोर येथे अणुबाँबची चाचणी घेतली आणि या सगळ्या हिशेबावर एक निराळाच प्रश्न येऊन पडला: ज्याच्याकडे अणुबाँब आहे त्याला डोंगरी पलटणींचा धाक कसा बसावा?

त्या महिन्यातच, २४ ऑक्टोबरला, अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. होमी भाभांनी आकाशवाणीवरील भाषणात दहा किलोटनांच्या स्फोटाचा खर्च सुमारे साडेसतरा लाख रुपये येईल असे सांगितले. किलोटन म्हणजे एक हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढी शक्ती. या आकड्यात अणुभट्ट्या, प्लुटोनियम वेगळे करण्याचे कारखाने आणि बाँब वाहून नेणारी विमाने यांचा खर्च धरलेला नव्हता, पण बाँब हाताच्या अंतरावर आहे असे त्याने अनेकांना वाटले. काँग्रेसमध्येही बाँबची मागणी झाली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बाँब न करण्याचे धोरण कायम ठेवले, मात्र शांततामय कारणासाठी भूमिगत स्फोटाच्या अभ्यासाला संमती दिली आणि अण्वस्त्रधारी देशांकडून संरक्षणाची हमी मिळेल का, याचीही चाचपणी केली. तशी विश्वासार्ह हमी मिळाली नाही. दुसऱ्याच्या छत्राखाली राहणाऱ्याला त्या छत्राची किंमत केव्हा आणि कशी द्यावी लागते, हे साताऱ्याच्या राजवाड्याने १८३९ मध्ये पाहिले होते.

१ जुलै १९६८ रोजी अण्वस्त्रप्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी चाचणी केली असे पाच देश त्याने अण्वस्त्रधारी म्हणून मान्य केले आणि इतरांनी अण्वस्त्रे कधीही मिळवू नयेत, तसेच आपल्या अणुकेंद्रांची आंतरराष्ट्रीय तपासणी होऊ द्यावी, असे बंधन घातले. पाच देशांनी निःशस्त्रीकरणासाठी सद्‌भावनेने वाटाघाटी कराव्यात असे सहाव्या कलमात आहे, पण त्याला मुदत नाही आणि त्यांच्या शस्त्रागारांची तपासणीही नाही. भारताने सही केली नाही. त्या वेळी यशवंतराव गृहमंत्री होते. १८१९ च्या तहाशी या कराराची रचना शब्दशः सारखी नाही. सह्या करणाऱ्या देशांवर कोणी फौज आणून बसवली नव्हती आणि कराराने अण्वस्त्रधारी देशांची संख्या आटोक्यात ठेवण्यास मोठी मदत केली, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु मर्यादा एकावर आणि पहारा दुसऱ्याचा, हा त्याचा सांगाडा तोच आहे, आणि वसाहतीचा हत्यार कायदा अंगावर सोसलेल्या पिढीला तो ओळखू आला यात नवल नाही.

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने भूमिगत स्फोट केला तेव्हा यशवंतराव अर्थमंत्री होते; निर्णयाची माहिती फारच थोड्यांना होती. त्या ऑक्टोबरात परराष्ट्र खाते त्यांच्याकडे आले आणि स्फोटाचे राजनैतिक परिणाम त्यांना निस्तरावे लागले. महिनाअखेरीस अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर दिल्लीस आले असता भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर दोघांनी सह्या केल्या, तर दुसरीकडे अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांनी निर्यातीवर निर्बंध घालण्यासाठी आपला गट बांधला आणि १९७६ मध्ये कॅनडाने अणुसहकार्य संपुष्टात आणले. हे निर्बंध सैल व्हायला तीन दशके लागली. सप्टेंबर २००८ मध्ये त्या गटाने भारताला सूट दिली तेव्हा पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री कऱ्हाडचेच पृथ्वीराज चव्हाण होते, आणि अणुअपघाताच्या नुकसानभरपाईचे विधेयक मे २०१० मध्ये लोकसभेत त्यांनीच मांडले.

बरोबरीच्या मागणीचा शेवट मे १९९८ मध्ये भारताने स्वतः अण्वस्त्रधारी होण्यात झाला आणि त्याच महिन्यात पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. विषम करार नाकारणे न्याय्य होते. तरी दोन्ही बाजूंकडे बाँब असणे ही बरोबरी वारणेच्या तहातल्या बरोबरीसारखी नाही. त्या तहाच्या जातीचा दस्तऐवज शोधायचा तर तो ३१ डिसेंबर १९८८ चा आहे, ज्यात भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचे मान्य केले. २७ जानेवारी १९९१ पासून तो लागू आहे. त्यात पंच नाही, तपासनीस नाही. दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, एवढीच त्याची पद्धत आहे. १९९२ पासून ही देवाणघेवाण चालू राहिली. २००२ च्या जानेवारीत दोन्ही सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी असताना आणि २००९ च्या जानेवारीत मुंबईवरील हल्ल्याच्या जखमा ओल्या असतानाही ती चुकली नाही. दोघांवर सारखे बंधन, थोडकी कलमे आणि पारखता येईल अशी कृती, हे तिन्ही गुण त्यात आहेत.

आता धोका आहे तो जुन्या करारांच्या कक्षेबाहेर वाढलेल्या तंत्राचा. ऑक्टोबर २००५ च्या करारानुसार दोन्ही देश बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या, म्हणजे उंच कमानीने जाऊन खाली कोसळणाऱ्या क्षेपणास्त्राच्या, चाचणीची पूर्वसूचना देतात. क्रूझ क्षेपणास्त्र, जे विमानासारखे जमिनीलगत उडत जाते, त्या करारात नाही. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक ब्राह्मोस क्रूझ क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि काही मिनिटांत पाकिस्तानातील मियाँ चन्नू येथे जाऊन पडले. त्यावर स्फोटक नव्हते, जीवितहानी झाली नाही, भारताने खेद व्यक्त केला आणि चौकशीनंतर वायुदलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. परंतु ते येत असताना पलीकडच्या रडारसमोर बसलेल्या माणसाला त्यावर काय आहे हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. साताऱ्याच्या तटाखाली चुकलेल्या सुरुंगाने ज्यांनी तो पेरला त्यांनाच गाडले. येथे चुकीची किंमत दोन्ही देशांतील शहरांना द्यावी लागली असती. निर्णयासाठी मिळणारी मिनिटे जसजशी कमी होतील तसतसे ते निर्णय यंत्राकडे सोपवण्याचा मोह वाढेल, आणि अण्वस्त्र वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा असे नोव्हेंबर २०२४ मध्ये लिमा येथे अमेरिका आणि चीन यांच्या अध्यक्षांनी जाहीर केले ते याच भीतीपोटी.

नऊ कलमांच्या वारणेच्या तहात वडगावच्या एका ठाण्यासाठी स्वतंत्र कलम लिहिले गेले होते, कारण भांडण नेमके कोठून पेट घेते हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. २००५ च्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रांसाठी तसे एक कलम जोडता येण्यासारखे आहे. ते अद्याप लिहिले गेलेले नाही.